चौथा नट

आमच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला चार नट आहेत. त्यातले तीन षटकोनी, गाडीसोबत मिळालेल्या पान्याने कुणीही फिरवावेत असे. चौथा वेगळा. तो बाहेरून गोल आणि गुळगुळीत, वर क्रोमचा मुलामा. पान्याला पकडायला कुठेच कोपरा नाही. त्याच्या तोंडावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वेडीवाकडी खाच कोरलेली आहे. त्या खाचेत बरोबर बसणारा, अंगठ्याएवढा पोलादी तुकडा म्हणजे त्याची किल्ली. किल्ली खाचेत बसवायची, किल्लीच्या पाठीला नेहमीचा पाना लावायचा आणि फिरवायचं. किल्ली नसेल तर चाक जागेवरच राहतं. मग तुम्ही चोर असा किंवा मालक.

दुकानदार याला व्हील लॉक म्हणतात. अलॉय व्हील दिसायला छान, विकायला सोपं आणि काढायला दहा मिनिटांचं काम, म्हणून ते चोरीला जातं. सकाळी उठून खाली यावं तर गाडी चार विटांवर उभी, हे दृश्य आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीने एकदा पाहिलं होतं. गाडी समोरच्या बिल्डिंगमधल्यांची होती. बाबा त्या दिवशी बँकेत जाण्याआधी बराच वेळ त्या विटांकडे बघत उभे होते, असं आई सांगते. त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या गाडीला चार लॉक नट बसवून आणले. डबीत किल्ली एकच होती. "एकच दिलीय," असं ते दोन-तीन दिवस म्हणत राहिले.

एकच किल्ली असणं बाबांच्या दृष्टीने का गंभीर होतं, ते समजायला त्यांची नोकरी माहीत असायला हवी. बाबा एका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार हलत नाही. डुप्लिकेट किल्ल्यांचा संच त्या शाखेत ठेवत नाहीत, तो सीलबंद करून दुसरीकडे ठेवतात. ठरावीक काळाने वापरातल्या किल्ल्या आणि डुप्लिकेट यांची अदलाबदल होते. कोणती किल्ली कुणाकडे, कधीपासून, याची नोंद रजिस्टरमध्ये दोन सह्यांनिशी होते. कॅशियर रजेवर गेला तर किल्लीही रजिस्टरमधून दुसऱ्याच्या हातात जाते.

हे सगळं बाबांनी घरी आणलं होतं. आमच्याकडे एक लांबट वही आहे, तिच्यावर "किल्ल्या" असं लिहिलेलं आहे. गोदरेजचं कपाट, त्याचा आतला खण, गावाकडच्या घराचं कुलूप, माझ्या शाळेतल्या सायकलचं कुलूप, पाण्याच्या टाकीचं झाकण. प्रत्येकाला क्रमांक. व्हील लॉकची किल्ली क्रमांक १४. आम्ही भावंडं या वहीवर खूप हसलो आहोत. बाबा चिडायचे नाहीत. "कुलूप बंद करायला अक्कल लागत नाही," म्हणायचे. "सकाळी दहाला ते उघडलं पाहिजे. खातेदार बाहेर उभे असतात."

मे २०२३मध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय अडखळू लागले, शब्द उशिरा येऊ लागले. दवाखान्यात नर्सने त्यांचं घड्याळ, चष्मा आणि किल्ल्यांचा जुडगा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिला. पस्तीस वर्षांच्या संसारात तो जुडगा आईच्या हातात येण्याची ही पहिली वेळ. कोणती किल्ली कशाची हे तिला त्या वहीतून शोधून काढावं लागलं. तेव्हापासून मी तरी वहीवर हसत नाही.

*

गाडी चौदा महिने जागेवरून हलली नाही. मी पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. बाबांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि रिक्षाची पायरी हे त्यांच्यासाठी मोठं प्रकरण असतं. उजवा पाय उचलायचा, दांडा धरायचा, वाकून आत शिरायचं. मागून एकाने कमरेला धरायचं. पावसात तर नकोच. एक-दोनदा ते परत घरात आले आणि "नको" म्हणाले. त्या दिवसांत त्यांना पटकन येणारे शब्द थोडे होते, त्यात हा एक होता.

मग आईने ड्रायव्हिंग स्कूल लावलं. वय ५७. आम्हाला तिने शिकाऊ परवाना हातात आल्यावर सांगितलं. तिने आधी कधी गाडी का चालवली नव्हती याचं उत्तर कुणी अडवलं होतं असं नाही. प्रश्नच कधी निघाला नव्हता. जून २०२४मध्ये तिला पक्का परवाना मिळाला आणि गाडी बाहेर काढण्यासाठी मी जुलैत आठवडाभर कोल्हापूरहून काम करण्याची परवानगी घेतली.

बॅटरी बदलली, ब्रेक साफ करून घेतले. राहिले टायर. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २३१६ होतं. म्हणजे २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. आठ वर्षं झालेली, त्यातले चौदा महिने एकाच जागी गाडीचं वजन घेऊन उभे. नक्षी शिल्लक होती, पण बाजूच्या रबरावर उन्हाने तडे गेलेल्या शेतासारख्या रेषा होत्या. नुकती शिकलेली बाई, शेजारी बसलेला पेशंट आणि कोल्हापूरचा जुलै. हे टायर चालणार नव्हते.

टायरच्या दुकानात पुढची दोन्ही चाकं निघाली. तिसरं चाक मागचं डावं. आमच्या पार्किंगमध्ये ते भिंतीकडे, पन्हळीच्या बरोबर खाली असतं. दुकानातल्या पोराने किल्ली बसवली, हवेवर चालणारी गन लावली. ट्रररर असा नेहमीचा आवाज आला, मग टिक्‌. गन मोकळी फिरायला लागली. पोराने खाली पडलेला तुकडा उचलून मला दाखवला. किल्लीच्या तीन पाकळ्या त्यात होत्या. उरलेल्या नटाच्या खाचेत रुतून बसल्या होत्या.

मालकाने बाकीचे नट परत आवळून दिले आणि म्हणाला, "शोरूमला दाखवा." आम्ही पुढे दोन नवे टायर आणि मागे दोन जुने अशा अवस्थेत घरी आलो.

*

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे तशी डिग्री आहे. शेवटच्या वर्षी कॅम्पसवर सॉफ्टवेअर कंपनी आली आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांसारखी मीही तिच्यात गेले. पण मशीन डिझाइनमधला एक धडा माझ्या आवडीचा होता, बोल्टचा. त्या रात्री मी आईला जेवणाच्या टेबलावर तो शिकवला.

आपल्याला वाटतं की नट चाकाला धरून ठेवतो, कपाटाच्या मुठीसारखा. तसं नसतं. नट आवळला की ज्या दांड्यावर तो बसतो तो दांडा, म्हणजे स्टड, किंचित ताणला जातो. तो रबरासारखा परत आखडू बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून धरलं जातं. छोट्या गाडीचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात. पुस्तकातल्या सूत्रात १२ मिलिमीटरचा स्टड घालून हिशेब केला तर एकेक नट चाकाला सुमारे चार टन बळाने दाबतो. चार नट म्हणजे सोळा टन. त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणावर चाक टिकतं.

आता गंमत अशी की आपण पान्यावर जो जोर लावतो, त्यातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो: काही नटाच्या बुडाखाली, काही आट्यांमध्ये. जेमतेम दहा टक्के दांडा ताणायला उरतो. ही सगळी गणितं स्वच्छ, कोरड्या आट्यांची आहेत. त्यात चौदा महिन्यांचं पन्हळीचं पाणी आणि गंज आला की सोडवायला लागणारा जोर कितीही वाढू शकतो. शिवाय बऱ्याच टायरच्या दुकानांत नट गनने आवळतात. त्या गन सहज चारशे-पाचशे न्यूटन-मीटरपर्यंत जातात. पोर बोट दाबून धरतं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतं. आमचा नट शेवटचा असाच कधीतरी आवळला गेला असणार.

"मग किल्ली का तुटली? नट का नाही?" आईने विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता. उत्तर हे की कडक असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आपण सगळ्यालाच "मजबूत" म्हणतो. पोलाद तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं, त्यावर कानस चालत नाही, ड्रिल घसरतं. पण तेच पोलाद झटक्याला काचेसारखं वागतं. चिवट पोलाद वाकतं, दबतं, पण सहसा तडकत नाही. लॉकचा नट आणि किल्ली दोन्ही कडक करतात, कारण चोराने ड्रिल लावलं तर ते घसरलं पाहिजे. नट जाड आहे, निभावतो. किल्लीच्या पाकळ्या मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या, आणि नटावर येणारा सगळा जोर त्यांच्यातूनच जायचा असतो. गन तर जोर सलग लावतच नाही, हातोडीसारखे ठोके देते. सगळ्यात बारीक, सगळ्यात कडक भागावर ठोके बसले तर तोच तुटणार. म्हणून हा नट गनने नव्हे तर हाताने, आणि बाकीचे नट घट्ट असतानाच सोडवायचा असतो. तसं केलं की चाक दाबून धरायचं काम बाकीचे तिघे करत राहतात.

बाबा ऐकत होते. ते म्हणाले, "डबी." मग थोड्या वेळाने, "कार्ड."

डबी वहीच्याच कप्प्यात होती. चांगल्या लॉकच्या डबीत एक कार्ड असतं, त्यावर खाचेच्या आकाराचा कोड असतो. तो कंपनीला कळवला की दुसरी किल्ली मिळते. आमच्या डबीत कार्डाच्या जागी एक छापील कागद होता. त्यावर कोडसाठी रिकामी रेघ आखलेली होती. कोड कुणी लिहिलेलाच नव्हता. डबीवर बनवणाऱ्याचं नाव होतं, पत्ता नव्हता.

*

सर्व्हिस सेंटरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. लॉक त्यांनी बसवलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याकडच्या किल्ल्या लागणार नाहीत. ड्रिल करून काढता येईल. रिमला ओरखडा आला, स्टड तुटला, हब खराब झाला तर जबाबदारी आमची; तसं लिहून द्यायचं. दोन नटांचा अंदाज साडेसात हजार, रिम वेगळं.

संध्याकाळी मी व्हिडिओ पाहत बसले. एक माणूस असाच नट दोन मिनिटांत काढत होता: हातोडा, एक जुना सॉकेट, लांब दांडा. दुसऱ्याने दीड मिनिटात काढला. माझं पहिल्यांदा डोकं फिरलं ते तेव्हा. चोराला दोन मिनिटं, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला साडेसात हजार आणि लिहून दिलेला कागद? मग हे कुलूप नेमकं कुणासाठी होतं?

कुलपांचा इतिहास याबाबतीत प्रामाणिक आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९०मध्ये आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडलं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ अशी पाटी लावली. ते साठेक वर्षं कुणाला उघडलं नाही. १८५१च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने ते उघडलं. लागलेला वेळ: सोळा दिवसांत मिळून ५१ तास. न उघडणारं कुलूप ही कल्पना तिथे संपली. कोणतं कुलूप किती वेळ घेतं हा प्रश्न उरला. आजही अमेरिकेत तिजोऱ्यांची परीक्षा मिनिटांत मोजतात. टीएल-१५ म्हणजे हत्यारं घेतलेल्या जाणकार माणसापुढे पंधरा मिनिटं टिकणारी, टीएल-३० म्हणजे तीस मिनिटं. कुलूप विकणारा आपल्याला वेळ विकत असतो.

त्या हिशेबात आमचा नट टीएल-२ म्हणायचा. चोरासाठी तेवढं पुरतं, कारण रात्री गल्लीत दोन मिनिटं हातोडा ठोकणं त्याला परवडत नाही. त्याला आवाजाची भीती असते. मालकाला आवाजाची भीती नसते, पण रिमवरच्या ओरखड्याची असते. त्यामुळे दोन मिनिटांचं काम मालकासाठी चार दिवसांचं होतं. चोराच्या आणि मालकाच्या भीती वेगळ्या आहेत. या कुलपाने फक्त पहिलीचा विचार केलेला आहे.

माझ्या कामात दुसरीचाही विचार करावा लागतो. मी लॉगिन आणि परवानग्यांच्या टीममध्ये आहे. ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या अभ्यासकाने १८८३मध्ये सैन्याच्या गुप्तलेखनाबद्दल एक नियम मांडला होता: यंत्रणेची सगळी माहिती शत्रूच्या हाती लागली तरी, जोवर किल्ली त्याच्याकडे नाही तोवर ती सुरक्षित राहिली पाहिजे. आमचा धंदा त्या वाक्यावर उभा आहे. पण किल्लीवर एवढा भार टाकला की लगेच दुसरा प्रश्न येतो, किल्ली हरवली तर? आमच्या टीमचा निम्मा वेळ या दुसऱ्या प्रश्नात जातो. "पासवर्ड विसरलात?" ही जी बारीक निळी ओळ असते, तिच्यामागे पासवर्ड तपासण्यापेक्षा जास्त काम असतं. लोक फोन हरवतात, नंबर बदलतात, आजारी पडतात. खऱ्या माणसाला आत घेता आलं नाही तर चोराला बाहेर ठेवण्याचं कौतुक कुणी करत नाही.

बाबांच्या बँकेने हे मला शिकवायला हवं होतं, इतकं ते सारखं आहे. दोन किल्ल्या, दुसरीकडे ठेवलेली डुप्लिकेट, ठरावीक काळाने अदलाबदल, रजेवर गेल्यास सही करून हस्तांतर. हे सगळं चोरासाठी नाहीच. ते कॅशियर आजारी पडेल त्या सकाळसाठी आहे.

चौथ्या नटाला "पासवर्ड विसरलात?" नव्हतं. ते बाबांनी सांगितलं. बराच वेळ शब्द शोधून त्यांनी डाव्या हाताने खिडकीकडे दाखवलं आणि म्हणाले, "उद्यमनगर."

*

शिवाजी उद्यमनगर आमच्या घरापासून जवळ आहे. शेड, लेथ, फाउंड्र्या, पत्र्यावर पावसाचा आवाज, रस्त्यावर बीडाच्या कास्टिंगचे ढीग. ज्यांच्याकडे बाबांनी पाठवलं ते मेस्त्री त्यांचे जुने खातेदार. साठी ओलांडलेली, एका कानाने कमी ऐकू येणारे. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो बघितला नाही, हातातली तुटकी किल्ली बघितली. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"पाणी लई दिलंय ह्येला," ते म्हणाले. म्हणजे गरजेपेक्षा जास्त कडक केलंय. मी ज्यासाठी आईला अर्धा तास शिकवलं होतं ते त्यांनी अंगठ्याने वाचलं.

"निघंल का?"

"न निघाय काय झालंय? माणसानंच बसवलाय की."

त्या संध्याकाळी ते स्वतः आमच्याकडे आले. तोवर बाबांना खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसवलं होतं. मेस्त्रींनी आधी "नमस्कार साहेब" केला, बाबांच्या उजव्या हाताकडे एकदा बघितलं आणि सरळ डावा हात हातात घेतला. मग नटावर डिझेल आणि पातळ ऑइल यांचं मिश्रण सोडलं, आणि म्हणाले, आज एवढंच. उद्या. आई म्हणाली, "आत्ताच बघितलं असतं तर?" त्यावर ते म्हणाले, "वहिनी, त्येलाबी आत जायाला टाइम लागतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सॉकेटची पिशवी घेऊन आले. बारा कोपऱ्यांचा, नटापेक्षा किंचित लहान असा एक जुना सॉकेट निवडला. हा आता वाया जाणार, असं आधीच सांगितलं. रिमच्या खोबणीत टायरच्या ट्यूबची एक पट्टी गोल करून बसवली, म्हणजे सॉकेट घसरला तरी पॉलिशला लागू नये. आणि ठोकायला लागले. घाव मोठे नव्हते, पण सगळे सरळ. प्रत्येक घावाबरोबर आवाज बदलत गेला; आधी पोकळ, मग भरीव. आवाज भरीव झाला तसे ते थांबले. सॉकेटच्या कोपऱ्यांनी नटाच्या गोल अंगात स्वतःसाठी खाचा पाडल्या होत्या. ज्या नटाला कोपरे नव्हते त्याला आता बारा झाले.

मग टॉमी लावली, टॉमीवर सव्वा मीटरचा पाइप चढवला आणि पाइप उलट्या बाजूला दाबला. आवळायच्या बाजूला.

"मेस्त्री, उलटं," मी म्हणाले.

"आधी इवलंसं आवळायचं, ताई. गंज तुटतोय. एकदम सोडाय गेलं की दांडा तुटतोय."

पाइप बोटभर हलला. मग त्यांनी बाजू बदलली आणि अंगाचा भार टाकला. मी मनात हिशेब केला: सत्तर किलोचा माणूस, सव्वा मीटर, म्हणजे साडेआठशे न्यूटन-मीटरच्या आसपास. आवळायला हवा होता त्याच्या आठपट. काही झालं नाही. ते थांबले, परत किंचित आवळलं, परत सोडवायला गेले. तिसऱ्या वेळी "कट्ट" असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण स्टड तुटतानाही असाच आवाज होतो. मेस्त्री माझ्याकडे न बघता पाइप फिरवत राहिले. नट आट्यांवरून करकरत बाहेर येत होता. बाबा खुर्चीत पुढे वाकले होते.

दुसरा नट, मागच्या उजव्या चाकाचा, या युक्तीला बधला नाही. सॉकेट दोनदा घसरला. मेस्त्री म्हणाले, "ही शेडवर आणा."

गाडी आईने चालवली. पाऊस थांबला होता. मी शेजारी, बाबा मागे. दोन किलोमीटरच्या आतलं अंतर, एकदाही गाडी बंद पडली नाही.

शेडमध्ये वेल्डिंगची तयारी पाहताना मला कळलं की दोन मिनिटांचा व्हिडिओ काय काय वगळतो. त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडली. मग हँडब्रेक ओढून गाडी स्टँडवर घेतली आणि टायरमधली हवा पूर्ण काढून टाकली. भरलेल्या टायरजवळ उष्णता नको. टायरवर ओलं गोणपाट. नटाच्या तोंडावरचा क्रोम घासून काढला. वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा बॉडीला न लावता शेजारच्याच नटाला लावला, कारण तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. मग लॉक नटाच्या तोंडावर एक साधा, षटकोनी, बाजारात पाच-दहा रुपयांना मिळणारा नट ठेवला आणि त्याच्या भोकातून आत वेल्ड भरला. निळा उजेड, दहा-बारा सेकंद. थोडं निवू दिलं. साध्या नटाला साधा पाना लावला आणि लॉक निघालं. उष्णतेने गंजाची पकड सुटली होती. पाइपसुद्धा लागला नाही.

पुढच्या चाकांवरचे दोन लॉक अजून जागेवर होते. त्यांच्यासाठी किल्ली नव्हतीच, तेव्हा तेही त्याच दिवशी काढून घेतले. एकाचा स्टड आट्यांसकट खरवडला गेला. मेस्त्रींनी तो हबमधून ठोकून काढला आणि नवा ओढून बसवला. सगळ्याचे मिळून त्यांनी बाराशे सांगितले. आईने पंधराशे दिले, त्यांनी तीनशे परत केले.

*

टायरच्या दुकानात उरलेले दोन टायर बसले. तिथे काउंटरवर लॉक नटांचा नवा सेट होता, चांगल्या कंपनीचा, कोडच्या कार्डासकट, दोन किल्ल्यांचा. मी बाबांकडे बघितलं. त्यांना तो हवा असेल असं मला वाटलं, आणि मी घेऊनही टाकला असता. आईने सेट हातात घेतला, किल्ली काढून बघितली आणि विचारलं, "रस्त्यात पंक्चर झालं आणि मी एकटी असले, तर हे मला निघेल?"

दुकानदार म्हणाला, हाताने आवळलं असेल तर निघेल.

"आणि साधे?"

"साधे कुणालापण निघतात."

तिने सेट परत ठेवला आणि चार साधे नट मागितले. बाबा काही बोलले नाहीत. मग तिने त्यांना गन खाली ठेवायला सांगितली आणि गाडीतला पाना मागून घेतला. पहिल्यांदा नुसत्या हातांनी जोर लावला, नट हलला नाही. मग पाना आडवा करून त्यावर पाय ठेवला आणि आपलं वजन टाकलं. पंचावन्न किलो, पाव मीटरचा दांडा. १३० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त. नट सुटला. तिने तो परत हाताने आवळला आणि पुढच्या नटाकडे गेली.

चाकं चोरीला जाऊ शकतात. गल्ली तीच आहे, विटाही कुठेतरी असतील. ती जोखीम आईने हिशेबात धरली आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार दुसऱ्या बाजूला ठेवले. गाडी चाकं सांभाळण्यासाठी नाही, हे इतकं उघड आहे की ते म्हणायला एक किल्ली तुटावी लागली.

रात्री बाबांनी वही मागितली. मला वाटलं, साध्या नटांची काहीतरी नोंद करायची असेल. त्यांनी क्रमांक १४ची ओळ काढून दिली आणि आईकडे पेन केलं. "बाद," ते म्हणाले. आईने तारीख घातली आणि लिहिलं: किल्ली तुटली, चारही लॉक काढले, बाद. खाली सही केली. बाबांनी बोट शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. तिथे दुसरी सही लागते.

त्यांनी ती डाव्या हाताने केली. बराच वेळ लागला, आम्ही कुणी मध्ये बोललो नाही. मग त्यांनी कोऱ्या ओळीवर पेन नेलं आणि पुन्हा आईकडे दिलं. तिथे आईने लिहिलं: क्रमांक २७, गाडीची किल्ली, ताबा, आणि पुढे स्वतःचं नाव.